लांबच्या रपेटीसाठी ई-सायकल : मोटर पाहण्याआधी शरीर पाहा

"डॉक्टर, ई-सायकल घेतली तर व्यायाम होईल, की नुसतेच पैसे जातील?"

हा प्रश्न हल्ली पन्नाशी-साठीतले रुग्ण वरचेवर विचारतात. यांतले बहुतेक जण शाळा-कॉलेजात असताना सायकलवरच फिरलेले असतात. मधली तीस वर्षे स्कूटर आणि मोटारीत गेली. आता सकाळी थोडा मोकळा वेळ मिळतो, रविवारी मित्रांबरोबर तीस-चाळीस किलोमीटर जाऊन यावेसे वाटते. पण चढावर दम लागतो, गुडघा कुरकुरतो आणि गटात आपण मागे राहतो याचा संकोच वाटतो. मग कुणीतरी ई-सायकल सुचवते आणि दुकानात गेल्यावर वॅट, व्होल्ट, रेंज यांची अशी सरबत्ती होते की माणूस गोंधळून जातो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लांबच्या, निवांत रपेटीसाठी ई-सायकल हा पन्नाशीनंतरचा उत्तम व्यायाम आहे. मात्र ती निवडताना आपला क्रम उलटा होतो. आपण आधी मोटर आणि रेंज पाहतो, मग रंग पाहतो, आणि ती आपल्या शरीराला बसते का हे घरी आणल्यावर कळते. अशा सायकली पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. म्हणून या लेखात क्रम सरळ करू या.

ई-सायकल म्हणजे नेमके काय?

येथे ई-सायकल म्हणजे पेडल मारावे लागते आणि छोटी मोटर त्याला हातभार लावते अशी सायकल. ई-स्कूटर वेगळी. आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशी सायकल मोटार वाहनात गणली जात नाही. तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. दुकानदार "लॉक काढून देतो, चाळीसने पळेल" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. एक तर ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरू शकते. दुसरे म्हणजे सायकलचे ब्रेक आणि सांगाडा त्या वेगासाठी बनवलेला नसतो.

व्यायाम होतो का?

होतो, पण एका अटीवर: पेडल तुम्ही मारले पाहिजे.

युरोपातल्या सात शहरांमधील दहा हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत (२०१९) असे दिसले की ई-सायकल चालवणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली. एका किलोमीटरमागे श्रम कमी पडतात हे खरे, पण ही मंडळी अधिक लांब जातात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात (२०१६) वीस बैठ्या लोकांनी महिनाभर आठवड्यातून किमान तीनदा चाळीस मिनिटे ई-सायकल चालवली. त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर कमी आली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम सुचवते. रविवारी अडीच तासांची एक रपेट आणि आठवड्यात अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या केल्या की हे उद्दिष्ट आरामात गाठले जाते.

चढाचे गणित

मोटर कशासाठी हवी, हे एका हिशेबाने समजून घेऊ.

तुमचे वजन ७५ किलो, सायकल २२ किलो आणि पाणी-पिशवी ३ किलो, असे एकूण १०० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर वेगाने जायला सुमारे ८५ वॅट लागतात. बऱ्यापैकी तब्येतीचा मध्यमवयीन माणूस एवढी शक्ती बराच वेळ देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर मोटरची फारशी गरजच नाही.

आता सहा टक्के चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर उंची. तेथे ताशी फक्त १० किलोमीटर वेगाला सुमारे १८५ वॅट लागतात. श्रमांच्या भाषेत हे साडेनऊ मेटच्या आसपास जाते. ज्यांची ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट झाली आहे त्यांना आठवत असेल, नेहमीच्या ब्रूस पद्धतीतला तिसरा टप्पा सुमारे दहा मेटचा असतो. बैठे काम करणाऱ्या पन्नाशीतल्या अनेकांची पूर्ण क्षमताच सात-आठ मेट असते. म्हणजे घाट चढताना आपण स्वतःची स्ट्रेस टेस्ट घेत असतो, फक्त ईसीजीकडे पाहायला कुणी नसते.

याच चढावर तुम्ही १०० वॅट दिले आणि उरलेले ८५ वॅट मोटरने दिले, तर तुमचे श्रम सहा मेटच्या जवळ राहतात. घाम येतो, श्वास वाढतो, पण बोलता येते. मोटरचे काम एवढेच: चढावरचा शिखरभार कापणे. त्यासाठी २५० वॅटची मोटर पुरून उरते. हे समजले की "जास्त पॉवर" हा शब्द मनातून निघून जातो आणि आपण महत्त्वाच्या गोष्टींकडे वळतो.

पहिली कसोटी : शरीराला बसते का?

तासाभराच्या पुढे सायकल चालवली की शरीराचे तीन बिंदू बोलू लागतात: बैठक, हात आणि गुडघे.

गुडघे. सीट खूप खाली असली तर प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो, वाटीमागचा दाब वाढतो आणि गुडघा पुढून दुखतो. सीट खूप वर असली तर पाय ताणला जातो, कंबर डावी-उजवी झुलते आणि गुडघ्याच्या मागे दुखते. सोपी पद्धत अशी: भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. तो योग्य. सीट कितीही वर-खाली केली तरी हे जमत नसेल, तर सांगाड्याचे मापच चुकले आहे. आपल्याकडे अनेक ई-सायकली एकाच मापात विकल्या जातात. पाच फूट उंचीची बाई आणि सहा फूट उंचीचा पुरुष एकाच मापावर आरामात बसू शकत नाहीत, मग जाहिरात काहीही म्हणो.

हात. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तर शरीराचा भार तळव्यांवर येतो. मनगटाजवळ करंगळीच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. ती दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मानेला स्पॉन्डिलोसिस असेल तर मान वर करून पाहणे आणखी त्रासाचे. निवांत रपेटीसाठी हँडल सीटच्या पातळीत किंवा थोडे वर असावे आणि कोपर किंचित वाकलेले राहावेत. शर्यतीत उतरणाऱ्यांची वाकून बसण्याची पद्धत आपल्या कामाची नाही.

बैठक. येथे बहुतेकांचा समज असा की सीट जितकी मऊ तितकी चांगली. वीस मिनिटांसाठी ते खरे आहे. दोन तासांत मात्र जाड गादी दबते आणि तिचा मधला भाग वर येऊन जांघेतल्या नाजूक नसा व रक्तवाहिन्यांवर दाब देतो. पुरुषांना तेथे बधिरता येते, स्त्रियांना घासल्याने त्रास होतो. सीट बेताची कडक, मागे बसण्याच्या हाडांना टेकण्याइतकी रुंद आणि मध्ये खाच असलेली घ्यावी. सायकलबरोबर येणारी सीट बदलायला लागली तरी हळहळू नका. संपूर्ण खरेदीतला तो सर्वांत उपयोगी खर्च ठरतो. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभे राहा. बधिरता वारंवार येत असेल तर सहन करत राहू नका, सीटचा कोन आणि उंची तपासा.

चौथी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: चढणे आणि उतरणे. माझ्याकडे सायकलवरून पडून येणाऱ्या वयस्कर मंडळींत बरेच जण उभ्या किंवा जवळजवळ थांबलेल्या सायकलवरून पडलेले असतात. पाय मागून फिरवताना तोल जातो आणि वीस-बावीस किलोची सायकल अंगावर येते. कमरेचा सांधा आखडला असेल, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चालवायची असेल, किंवा वय साठीपुढे असेल, तर मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या. तिला 'लेडीज सायकल' म्हणून नाक मुरडणारे पुरुष मी पाहिले आहेत. खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरपेक्षा ते नाव परवडते.

दुसरी कसोटी : मदत कशी मिळते?

ई-सायकलमध्ये दोन प्रकारचे सेन्सर असतात. कॅडन्स सेन्सर फक्त पेडल फिरते आहे की नाही हे पाहतो आणि ठरावीक ताकद सोडतो. टॉर्क सेन्सर तुम्ही पेडलवर किती जोर देता ते मोजून त्या प्रमाणात मदत करतो. पहिला स्वस्त असतो, पण त्यात सायकल झटका मारून पुढे जाते आणि चढावर जोर लावला तरी मदत वाढत नाही. माझे मत टॉर्क सेन्सरच्या बाजूने आहे. त्यात श्रम आणि मदत यांचे नाते टिकते, म्हणजे व्यायाम टिकतो आणि गर्दीत ताबाही राहतो. बजेटमध्ये कॅडन्स सेन्सरच बसत असेल तर मदतीच्या किमान तीन पातळ्या हव्यात आणि सर्वांत खालच्या पातळीवर सायकल हळुवार सुटते का, ते तपासून घ्या.

अनेक सायकलींना थ्रॉटल असतो: मूठ पिळली की पेडल न मारता सायकल पळते. सिग्नलवर सुटताना किंवा दमल्यावर घरी पोहोचायला तो सोयीचा आहे. पण दोन आठवड्यांत सवय लागते आणि पाय नुसते पेडलवर ठेवलेले राहतात. ज्यांनी सायकल व्यायामासाठी घेतली आहे त्यांनी थ्रॉटलकडे नाही म्हणूनच पाहावे.

मोटर चाकात असावी की पेडलपाशी? पेडलपाशी असलेली मोटर गिअरमधून काम करते म्हणून मोठ्या चढावर सरस ठरते, पण महाग असते आणि चेन लवकर झिजवते. चाकातली मोटर साधी आणि स्वस्त असते. दर रविवारी घाटच चढायचा असेल तर पहिलीचा विचार करा. सपाटी आणि लहान चढ असतील तर चाकातली पुरते. गिअर मात्र दोन्हीत हवेत. गिअर नसलेल्या सायकलवर चढ आला की सगळा भार गुडघ्यावर येतो.

तिसरी कसोटी : बॅटरीचा खरा हिशेब

जाहिरातीतला किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवा. बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पियर-अवर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट आणि ७.८ ॲम्पियर-अवर म्हणजे सुमारे २८० वॅट-अवर. पेडल मारत, मध्यम मदत घेत गेलात तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर लागतात. चढ, समोरचा वारा किंवा जास्त मदत असेल तर १५. म्हणजे ही बॅटरी २८ किलोमीटर चालेल, चढांवर १८-१९. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा सपाट रस्ता, हलका चालक आणि कमीत कमी मदत धरून काढलेला असतो.

उदाहरण म्हणून अलिबाग ते मुरूड हा किनाऱ्याचा रस्ता घेऊ. नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, पुढे कोर्लई, काशीद, नांदगाव. सुमारे पन्नास किलोमीटर, मध्ये लहान-लहान चढ-उतार, दुपारी समोरून येणारा वारा. या वाटेला ५०० वॅट-अवरची बॅटरी हवी, किंवा छोटी बॅटरी घेऊन सपाटीवर मोटर बंद ठेवायची शिस्त हवी. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. खर्च कमी होतो आणि पायांना काम मिळते. मात्र जेवढी क्षमता हिशेबात येते तिच्या सत्तर टक्क्यांवरच बेत आखा. बॅटरी वयाबरोबर क्षीण होते.

बॅटरी काढून घरात नेता येणारी असावी. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. मूळ चार्जरच वापरा. रात्रभर, झोपलेले असताना किंवा घराच्या दाराच्या वाटेत चार्जिंग नको. लिथियम बॅटरीची आग विझवायला अवघड असते आणि बाहेर पडायचा रस्ता मोकळा असावा लागतो.

चौथी कसोटी : भरवसा

भरवसा म्हणजे बिघाड होणार नाही असे नाही. बिघाड झाल्यावर तो कोण, कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त करेल, याचे उत्तर आधीच माहीत असणे म्हणजे भरवसा.

डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेत, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद झाली पाहिजे. बोटांना संधिवात असेल तर हायड्रॉलिक ब्रेकला कमी जोर लागतो. टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद असावेत. आपल्या खड्ड्यांवर ते स्वस्त शॉक ॲब्सॉर्बरपेक्षा जास्त आराम देतात. फार जाड, फुगीर टायर दिसायला रुबाबदार असतात, पण बॅटरी आणि पाय दोन्ही खातात. मडगार्ड, कॅरियर, पुढे-मागे दिवे आणि भक्कम स्टँड पाहूनच घ्या.

मोटर असलेल्या चाकाचे पंक्चर हा खास प्रश्न. ते चाक काढायला वायर सोडवावी लागते आणि बरेच पंक्चरवाले हात लावत नाहीत. पण चाक न काढता टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढता येते आणि ठिगळ लावता येते. खरेदीच्या दिवशीच दुकानदाराकडून हे करून दाखवून घ्या. तेथेच विचारा: याच कंपनीची बॅटरी तीन-चार वर्षांनी सुटी मिळेल का? कंट्रोलर आणि डिस्प्ले बिघडला तर सायकल कुठे पाठवावी लागते? बॅटरीच्या वॉरंटीत काय बसते? उत्तरे गुळमुळीत आली तर दुसरे दुकान गाठा. गावातल्या मेकॅनिकला समजेल अशी साधी सायकल ही शे-दोनशे किलोमीटर दूरच्या सर्व्हिस सेंटरवर अवलंबून असलेल्या भारी सायकलपेक्षा चांगली.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी

१. सर्वांत महत्त्वाची. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात दुखणे, नेहमीपेक्षा जास्त दम असे काही झाले, आणि मोटरची मदत वाढवल्यावर ते गेले, तर बरे वाटले म्हणून गप्प बसू नका. श्रमाने येणारा आणि श्रम कमी केल्यावर जाणारा त्रास हे हृदयाच्या रक्तपुरवठ्यातल्या अडथळ्याचे ठरावीक लक्षण आहे. ई-सायकल हे लक्षण झाकू शकते, हीच मला तिच्यातली खरी धोक्याची गोष्ट वाटते. तेथेच थांबा. विश्रांती घेऊनही त्रास काही मिनिटांत गेला नाही तर १०८ ला फोन करा. गेला तरी पुढे रपेट नको, घरी वाहनाने या आणि लगेच डॉक्टरांना भेटा.

२. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी रपेटीआधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. लांब व्यायामानंतर काही तासांनीही साखर खाली जाऊ शकते.

३. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का, हीच कसोटी वापरा.

४. हेल्मेट प्रत्येक वेळी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्याला साधा मार बसला तरी तपासणी हवी. चक्कर, तोल जाणे किंवा फिट येण्याचा त्रास असेल, किंवा नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सायकल नको.

घेण्याआधीची चाचणी

दुकानासमोरच्या शंभर मीटरच्या फेरीने काही कळत नाही. निदान चाळीस मिनिटे चालवायला मागा, अनामत ठेवावी लागली तरी चालेल. त्या वेळात एवढे करा:

मोटर पूर्ण बंद करून एक किलोमीटर चालवा. बॅटरी कधीतरी वाटेत संपणारच आहे, तेव्हा हीच सायकल तुम्हाला घरी आणणार आहे.

एखाद्या चढावर मध्येच थांबा आणि तेथूनच पुन्हा सुरुवात करा.

उतारावर दोन्ही ब्रेक लावून पाहा.

सायकल जिन्याच्या चार पायऱ्या उचलून चढवा. जमत नसेल आणि तुमच्या इमारतीत लिफ्ट नसेल, तर ती सायकल तुमची नाही.

शेवटी उतरून बोटे, मनगट, मान, बैठक आणि गुडघे यांची दखल घ्या. चाळीस मिनिटांत जे किंचित दुखते ते तीन तासांत असह्य होते.

यात सगळ्यांनी ई-सायकल घ्यावी असा माझा आग्रह नाही. तुमची वाट सपाट असेल, गुडघे ठीक असतील आणि दहा-पंधरा किलोमीटरच जायचे असेल, तर साधी गिअरची सायकल पुरेशी आहे. ती हलकी, स्वस्त आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारी आहे. पण चढामुळे, वयामुळे किंवा दम लागण्याच्या भीतीमुळे तुम्ही सायकल सोडली असेल, तर ई-सायकल घेण्यात कमीपणा काहीच नाही. चष्मा लावून वाचले तर वाचन खोटे ठरत नाही. डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि गरज असल्यास हृदयाची तपासणी करून घ्या, मग दुकानात जा. पहिला महिना वीस किलोमीटरच्या आत राहा आणि अंतर हळूहळू वाढवा.